पॅस चाचणी: मँचेस्टरची पद्धत गोव्यातल्या घरांत कशी उतरली

२०१३ साली जानेवारी ते जुलैच्या दरम्यान ऑटिझम असलेली ६५ मुलं एका चाचणीत दाखल झाली. वयं २ ते ९. त्यांतली ३० गोव्यातली, ३५ रावळपिंडीची. उपचाराची पद्धत मँचेस्टरची, पैसा अमेरिकेतल्या ‘ऑटिझम स्पीक्स’ या संस्थेचा, आणि गोव्यातली बाजू पर्वरीच्या ‘संगाथ’ या संस्थेने सांभाळलेली. निष्कर्ष २०१६मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त छापून आले. चाचणीचं नाव पॅस. आई-वडिलांच्या हातून उपचार करण्याची पद्धत तीत तपासली.

भारत आणि पाकिस्तानातली मुलं एकाच अभ्यासात, एकाच मोजपट्टीने मोजलेली, हे ऐकलं की कोणाचंही लक्ष तिकडेच जातं. माझं जातं दुसरीकडे. परदेशी विद्यापीठाबरोबरचं संशोधन म्हटलं की आपल्याकडे वाटणी बहुतेक ठरलेली असते: प्रश्न त्यांचा, मुलं आपली, आकडे त्यांचे. पॅसमध्ये ही वाटणी वेगळी झाली. ती का होऊ शकली, हे नीट बघण्यासारखं आहे.

मी या चाचणीत नव्हते. फोंडा तालुक्यात विशेष मुलांबरोबर काम करते, मराठी-कोकणी बोलणाऱ्या घरांत जाते, आणि तिथून जे दिसतं त्यावरून हे प्रकरण वाचते आहे.

आधी इथली परिस्थिती

मूल अडीच-तीन वर्षांचं होऊनही बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही, हे घरात सगळ्यांत आधी आईच्या लक्षात येतं आणि सगळ्यांत उशिरा मान्य होतं. “त्याचा बापूस पण उशिराच बोललेला” हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता पुढचं वाक्यही मला पाठ आहे. मग देवाला कौल लावतात, गाऱ्हाणं घालतात, दृष्ट काढतात. बालवाडीतली बाई काही बोललीच तर शाळा बदलतात. शेवटी कोणीतरी गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, जायला सांगतं. तिथे निदान होतं, कागद मिळतो, आणि आठवड्यातून दोनदा थेरपीला या असं सांगितलं जातं. वाळपईच्या किंवा काणकोणच्या आईला यासाठी बस बदलत, गर्दीने बिथरणारं मूल कडेवर घेऊन अर्धा दिवस घालवावा लागतो. दोन महिन्यांत ती यायची बंद होते, आणि फाइलवर ‘पालक सहकार्य करत नाहीत’ असा शेरा पडतो.

गोव्यातल्या अशा कुटुंबांच्या मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध झाला होता. कुटुंबं आधी माणसांतून अंग काढून घेतात आणि हळूहळू परत मिसळतात, आरोग्य, शिक्षण आणि धर्म या तिन्ही क्षेत्रांतल्या माणसांना त्यांच्या गरजांची फारशी जाण नसते, आणि त्याचा भार पैशाच्या आणि मनाच्या दोन्ही अंगांनी घरावर पडतो, असं त्यात आलं. शिक्षण हा शब्द त्या यादीत आहे, हे आम्हा शिकवणाऱ्यांना टोचायला हवं.

अशी मुलं किती, याचाही अंदाज आहे. २०१८मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या पाहणीत देशातल्या पाच ठिकाणच्या २ ते ९ वयाच्या ३,९६४ मुलांची तपासणी झाली. उत्तर गोवा हे त्या पाचांपैकी एक. ऑटिझम, ऐकण्याची अडचण, बौद्धिक अक्षमता अशा प्रकारांपैकी निदान एक अडचण सहा वर्षांखालच्या ९.२ टक्के मुलांत आणि ६ ते ९ वयाच्या १३.६ टक्के मुलांत आढळली. एवढ्या मुलांना पुरतील इतके स्पीच थेरपिस्ट तयार होईपर्यंत आजची मुलं मोठी झालेली असतील.

पद्धत काय होती

मँचेस्टरच्या पद्धतीचं नाव पॅक्ट. बालमानसोपचारतज्ज्ञ जोनाथन ग्रीन आणि स्पीच थेरपिस्ट कॅथरीन ऑल्ड्रेड ही तिच्यामागची दोन प्रमुख नावं. यात थेरपिस्ट मुलाला शिकवत नाही. आई किंवा वडील मुलाबरोबर दहा-एक मिनिटं खेळतात, त्याचं रेकॉर्डिंग होतं, आणि मग थेरपिस्ट आणि पालक ते एकत्र बघतात. जिथे काही जुळलं तिथे थांबायचं, मागे न्यायचं, परत बघायचं. पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी मुलाचं लक्ष जिथे आहे तिथे आपलं लक्ष नेणं, मग त्याच्या इशाऱ्यांना वेळेवर आणि योग्य प्रतिसाद देणं, मग आपली भाषा त्याच्या पातळीवर आणणं, ठरावीक खेळातून पुढे काय येणार याची वाट बघायला लावणं, आणि त्यानंतर बोलणं वाढवणं.

कागदावर हे वाचताना काहीच वाटत नाही. प्रत्यक्षात काय होतं ते माझ्या कामातल्या एका घरावरून सांगते. घर ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा चार वर्षांचा. मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केलेला. मुलगा स्टीलच्या डब्याचं झाकण जमिनीवर गरगर फिरवत होता. आईने लगेच सुरू केलं. “हे काय? बाळा, हे काय? झाकण म्हण. झा-कण.” मुलाने पाठ फिरवली. ती त्याच्या पुढ्यात जाऊन बसली, तेच विचारलं. त्याने परत पाठ फिरवली. रेकॉर्डिंग बघताना मी काही बोलले नाही, फक्त परत लावलं. दुसऱ्यांदा बघून झाल्यावर ती म्हणाली, “टीचर, मी सारखी परीक्षाच घेते आहे त्याची.”

पुढच्या खेपेला तिने दुसरं झाकण घेतलं आणि त्याच्या बाजूला बसून आपणही फिरवायला लागली. तोंडातून शब्द नाही. आतून सासूबाईंचा आवाज: “तू गप्प बसून त्याला काय शिकवतेस?” हाही रेकॉर्ड झालाय. मग तिचं झाकण कलंडलं, आवाज झाला, आणि ती म्हणाली, “पडलं.” मुलाने झाकणाकडे बघितलं, आणि मग तिच्याकडे. अर्धा सेकंद असेल. रेकॉर्डिंग नसतं तर तिला ते दिसलं नसतं, मलाही नाही. चौकट तिथे थांबवून आम्ही दोघी बघत बसलो, आणि सासूबाई हात पुसत पुसत बाहेर येऊन तिसऱ्या बसल्या.

पॅक्टची मोठी चाचणी २०१०मध्ये प्रसिद्ध झाली होती: मँचेस्टर, लंडन आणि न्यूकॅसल इथली १५२ मुलं, पाच वर्षांखालची. पालकांच्या प्रतिसादात ठळक फरक पडला. ऑटिझमच्या लक्षणांत मात्र खात्रीने सांगता येईल असा फरक दिसला नाही. त्याच मुलांपैकी १२१ जणांना सुमारे सहा वर्षांनी परत तपासलं तेव्हा लक्षणांची तीव्रता कमी असल्याचं आढळलं, पण ते छापून आलं २०१६मध्ये. म्हणजे गोव्यातल्या मंडळींनी ही पद्धत हातात घेतली तेव्हा तिच्या नावावर घवघवीत यश नव्हतं. तरीही ती घेतली, कारण ती आईच्या हातात काम देते, आणि इथे तेवढंच एक मनुष्यबळ प्रत्येक घरात हजर असतं. हा निर्णय मला त्या मूळ पद्धतीइतकाच हुशारीचा वाटतो.

काय ठेवलं, काय बदललं

इंग्लंडमध्ये पॅक्ट देणारे स्पीच थेरपिस्ट होते. पालक क्लिनिकमध्ये येत, एक सेशन दोन तासांचं, वर्षभरात अठरापर्यंत सेशनं. गोव्यात आणि रावळपिंडीत हे जसंच्या तसं आणणं म्हणजे वाळपईच्या त्या आईला परत बसमध्ये बसवणं. म्हणून पॅसमध्ये सेशन घरी गेलं, तासाभराचं झालं, पंधरवड्यातून एकदा, एकूण बारा. देणारी माणसं थेरपिस्ट नव्हती. प्रशिक्षण दिलेले, या क्षेत्राची पदवी नसलेले कार्यकर्ते होते. मँचेस्टरच्या लोकांनी इथल्या तज्ज्ञांना शिकवलं, त्यांनी कार्यकर्त्यांना शिकवलं आणि त्यांच्यावर देखरेख ठेवली. मार्गदर्शिका सोपी केली. गाभ्याला हात लावला नाही. रेकॉर्डिंग एकत्र बघणं, पायऱ्यांचा क्रम आणि शेवटी मोजायची पट्टी या तिन्ही गोष्टी तशाच राहिल्या.

घर हा या बदलांतला सगळ्यांत मोठा बदल. क्लिनिकमध्ये एक आई, एक मूल आणि खेळण्यांची पेटी असते. घरात सासू असते, दीर असतो, टीव्ही चालू असतो, मासळीवाली दारात येते. शिवाय आईने मुलाबरोबर जमिनीवर बसून खेळायचं, ही आपल्याकडे सगळ्या घरांत रुळलेली गोष्ट नाही. मुलं मुलांबरोबर खेळतात, आई कामात असते आणि काम करता करता बोलते. म्हणून मी खेळण्यांपेक्षा शेंगा सोलणं, कपडे घड्या करणं, नारळाच्या करवंट्या यांवर भर देते. जिथे रोज हात लागतो तिथेच ही पद्धत टिकते.

आता मूळ प्रश्नाकडे. परदेशी आणि इथल्या भागीदारांतली ही वाटणी वेगळी का झाली? कारण इथल्या दोन्ही भागीदारांकडे आधीपासून स्वतःचं असं काही होतं. रावळपिंडीच्या ग्रामीण भागात आतिफ रहमान यांच्या चमूने लेडी हेल्थ वर्कर या सरकारी आरोग्यसेविकांना प्रशिक्षण देऊन बाळंतपणातल्या नैराश्यावर उपचार केले होते. ९०३ मातांचा तो अभ्यास २००८मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. गोव्यात विक्रम पटेल आणि संगाथच्या चमूने प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि खासगी डॉक्टरांकडे साध्या समुपदेशकांकरवी नैराश्य आणि चिंतेवर उपचार देण्याची चाचणी केली होती, ती २०१०मध्ये त्याच नियतकालिकात आली. थेरपिस्ट नसताना थेरपीचं काम कोणाकडून आणि कसं करून घ्यायचं, कोणाला निवडायचं, चुकलं तर कोणी बघायचं, हे ज्ञान मँचेस्टरकडे नव्हतं. ते पर्वरीत आणि रावळपिंडीत होतं. टेबलाच्या दोन्ही बाजूंना देण्यासारखं काही असलं की बैठकीचा सूरच बदलतो. पैसा कोणाचा यापेक्षा हे महत्त्वाचं ठरतं, असं माझं मत आहे. ज्या सहकार्यात इथल्या बाजूकडे फक्त शाळांची यादी आणि गाडी असते, तिथे कितीही गोड बोललं तरी आपण नमुना पुरवणारेच राहतो.

हाती काय आलं

६५पैकी ३२ मुलांच्या घरी पॅस दिलं गेलं, ३३ मुलांना नेहमीचे उपचार, म्हणजे ज्याला जे मिळत होतं ते. गट संगणकाने पाडले. मोजणाऱ्याला कोण कुठल्या गटातलं हे माहीत नव्हतं. ३२पैकी २६ कुटुंबांनी बारा सेशनं पूर्ण केली, म्हणजे ८१ टक्के. अर्ध्यात गळणाऱ्या थेरप्या बघायची सवय असलेल्या माणसाला हा आकडा मोठा वाटतो.

आठ महिन्यांनी पालकांचा प्रतिसाद मुलाशी किती जुळतो हे पाहिलं, तर परिणामाचं माप, म्हणजे दोन गटांतला फरक किती मोठा हे सांगणारा आकडा, १.६१ आलं. या क्षेत्रात ०.८च्या वर गेलं तरी मोठं समजतात. मूल आपणहून किती वेळा आईकडे वळतं याचं माप ०.९९. दोन्ही पॅसच्या बाजूने. तिसरा आकडा मात्र उलटा: आई आणि मूल दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ पॅसच्या गटात कमी झाला, उणे ०.७०. तोही निष्कर्षांच्या सारांशातच, बाकी दोघांच्या शेजारी छापला आहे. या प्रकरणात मला सगळ्यांत विश्वासार्ह वाटलेली गोष्ट हीच. गोव्यातल्या किती अहवालांत उलटा आकडा पहिल्या पानावर असतो ते आठवून बघा.

तो उलटा का आला? माझा अंदाज झाकणाच्या त्या पहिल्या रेकॉर्डिंगवरून आहे. आई ओढून ओढून लक्ष वेधत असते तेव्हा दोघांचं लक्ष एका ठिकाणी असल्याचा वेळ कागदावर भरपूर दिसू शकतो. तिने ओढणं थांबवलं की तो वेळ घटतो. मूल आपणहून तिच्याकडे यायला लागतं, पण तेवढा सगळा वेळ अजून भरून निघालेला नसतो. आठ महिन्यांऐवजी दोन वर्षांनी मोजलं असतं तर काय दिसलं असतं हे बघायला आवडलं असतं.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. गोव्यात उपचाराच्या गटात फक्त १५ मुलं होती. इतक्यांवरून पेडण्याच्या घरात आणि मडगावच्या फ्लॅटमध्ये फरक पडतो का, हे विचारताही येत नाही. मोजलं ते आई-मुलातलं देणंघेणं. शाळेत काय झालं हे मोजलेलं नाही. २ ते ९ म्हणजे बालवाडी ते चौथीपर्यंतची मुलं, आणि वर्गातली बाई या रचनेत कुठेच नाही. मुलाने घरी आईकडे बघायला सुरुवात केली आणि वर्गात मात्र तीच “हे काय? हे काय?” चालू राहिली, तर घरचं काम रोज सकाळी अर्धं पुसलं जातं.

भाषेची एक अडचण

गोव्यात या पद्धतीच्या आड सगळ्यांत जास्त जे येतं त्याचा या तिन्ही आकड्यांत उल्लेख नाही. घरात कोकणी, देवळात आणि भजनात मराठी, पेपर मराठी, कार्टून हिंदी, आणि शाळा इंग्रजी. १९८७च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषा केलं आणि मराठीच्या सरकारी वापराची सोय ठेवली. २०११मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय झाला आणि त्यावरून रान पेटलं. त्या वादात मी इथे शिरत नाही. पण मूल बोलत नाही म्हटल्यावर पालकांना कुठून ना कुठून सल्ला मिळतो: “डोकं गोंधळतंय त्याचं. एकच भाषा ठेवा, आणि पुढे शाळेत लागणारी ठेवा.” मग दहावी झालेली आई मुलाशी मोडक्या इंग्रजीत बोलू लागते. “सिट. इट. कम. नो.” चार हुकूम, आणि मध्ये शांतता.

दोन भाषा कानांवर पडल्यामुळे ऑटिझम असलेल्या मुलाची भाषा मागे पडते, असं परदेशात झालेल्या अभ्यासांत आढळलेलं नाही. आणि पॅक्टचा गाभाच असा आहे की आईने क्षणात, न ठरवता, मुलाच्या हालचालीला शब्द द्यायचा. “पडलं”, “गेलं”, “आणखी”, “आता कुणाचं?” हे ज्या भाषेत तिच्या तोंडून आपसूक येतं तीच भाषा चालते. इंग्रजीत तिला आधी शब्द शोधावा लागतो, आणि तोवर मुलाची नजर वळून गेलेली असते. म्हणून पहिल्याच भेटीत मी विचारते, तुम्ही रागावता कुठल्या भाषेत? उत्तर मिळालं की सेशनची भाषा ठरली.

आज असं काही करायचं तर

नियम बरेच बदलले आहेत. परदेशी निधीच्या कायद्यात २०२०च्या सप्टेंबरमध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मोठी संस्था पैसा घेईल आणि सत्तरी तालुक्यातल्या छोट्या मंडळाला त्यातला वाटा देईल, हा मार्ग त्यामुळे बंद झाला. शिवाय आरोग्यविषयक परदेशी सहकार्याला आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्यामार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगी लागते. मुलांवरच्या संशोधनासाठी आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत पालकांच्या संमतीबरोबर सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी अनुमती सांगितली आहे. न बोलणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाची तोंडी अनुमती कशी घ्यायची, हे समितीपुढे लिहून द्यावं लागतं. माझ्या मते मोबाइल समोर ठेवल्यावर मूल उठून दुसऱ्या खोलीत गेलं तर तो नकार समजावा आणि त्या दिवशी रेकॉर्डिंग करू नये.

रेकॉर्डिंग हाच यातला सगळ्यांत नाजूक भाग. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या सगळ्यांची माहिती पालकांच्या पडताळलेल्या संमतीविना हाताळता येणार नाही, अशी तरतूद आहे. संशोधनाला काही अटींवर सूट आहे. पण ही तरतूद मुलाबद्दल आणि पालकांबद्दल बोलते. चौकटीत येणाऱ्या सासूबाईंचं काय? मागच्या दारातून डोकावणाऱ्या शेजारणीचं काय? गोव्यातल्या गावात अंगण बघूनही घर कुणाचं ते सांगता येतं. असा व्हिडिओ परदेशातल्या सर्व्हरवर जाणार असेल, तर सही फक्त वडिलांची घेऊन भागणार नाही.

राहता राहिला प्रश्न हे काम रोजचं कोणी करायचं याचा. देशभर अशा कामांसाठी आशा कार्यकर्त्यांकडे बोट दाखवलं जातं. ती योजना राबवली गेली तेव्हा गोवा तिच्याबाहेर राहिला. अंगणवाडी सेविकेवर आधीच पोषण आहार, वजनं, नोंदवह्या आणि निवडणुकीची कामं आहेत. म्हणून मी हिशेब वेगळा मांडते. वेगळी माणसं घ्या. एका कार्यकर्तीने दिवसाला दोन घरं केली तर आठवड्याला दहा, पंधरवड्याला वीस. बारा सेशनं म्हणजे सहा महिने. म्हणजे एक माणूस सहा महिन्यांत वीस मुलं पुरी करतो. बारा तालुक्यांना प्रत्येकी दोन धरल्या तर २४ कार्यकर्त्या, सहा महिन्यांत ४८० मुलं. त्यांच्यावर दर आठवड्याला त्यांची रेकॉर्डिंग बघणारे तीन-चार स्पीच थेरपिस्ट लागतील. तेवढे राज्यात आहेत, फक्त त्यांना खुर्ची क्लिनिकमध्ये न देता या २४ जणींबरोबर द्यावी लागेल, आणि बालवाडीच्या बाईला महिन्यातून एकदा त्याच टेबलाशी बोलवावं लागेल.